वर निघून जातं त्याचं काय?

बुलढाणा जिल्ह्यात आकाशाचा विषय निघाला की बोलणं लोणारला जाऊन थांबतं. वरून दगड आला, बेसाल्टमध्ये सुमारे 1.8 किलोमीटर रुंदीचं विवर पडलं, हे इथल्या पोरांना तोंडपाठ आहे. पण वरून काय आलं हे शिकवणारे, इथून वर काय जातं ते सांगत नाहीत. मंडळी, हे काही बरं नव्हे! पृथ्वीच्या हवेतून रोज सुमारे 90 टन वायू अवकाशात निसटतो.

उन्हाने वरच्या हवेतले अणू फुटतात. इलेक्ट्रॉन सुटतो, आयन उरतो. इलेक्ट्रॉन म्हणजे अवखळ गोऱ्हा, आयन म्हणजे थोराड बैल. ऑक्सिजनचा आयन तर सुमारे 29 हजार पट जड. दोघे एकाच जुवाला. गोऱ्हा वर उधळतो, बैल खाली बसू पाहतो. धन आणि ऋण एकमेकांना सोडत नाहीत, म्हणून जू मोडत नाही. गोऱ्हा थोडा आवरतो, बैल थोडा उचलला जातो. हायड्रोजनचा आयन मुळात हलका, तो सरळ चौखूर सुटतो. नीट ध्यानात घ्या, बैलाला खालून कुणी ढकलत नाही. जू त्याला वर ओढतं.

जुवाचा जोर मोजला तो 11 मे 2022 रोजी. नासाचं ‘एन्ड्युरन्स’ रॉकेट नॉर्वेच्या स्वालबार्डहून उडालं आणि 248 ते 768 किलोमीटर उंचीदरम्यान विजेचा फरक भरला अवघा 0.55 व्होल्ट. बॅटरीच्या साध्या सेलमध्येही दीड व्होल्ट असतो! तरी हायड्रोजनच्या आयनावर ही ओढ गुरुत्वाकर्षणाच्या 10.6 पट पडते. पुन्हा सांगायचं तर, ओढतं ते जू.

बुलढाण्यावरही ही जोडी आहे, पण इथून ती सुटत नाही. इथल्या चुंबकीय रेषा कमान घेऊन दक्षिण गोलार्धात उतरतात, ते कुंपणच. ध्रुवांवर मात्र रेषा अवकाशाकडे मोकळ्या, म्हणजे फाटक उघडं. सौरवादळात तिथून जड ऑक्सिजनही मोठ्या प्रमाणात जातो. सप्टेंबर 1859च्या वादळाची नोंद आपल्या मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत झाली होती.

गुरुजींना एवढीच विनंती: यंदा सहल लोणारला नेली की विवराच्या काठावर पोरांना एकदा वर बघायला लावा, आणि गोऱ्ह्याची गोष्ट सांगा.