३६ अंश



२०२२च्या फेब्रुवारीत मनालीच्या वर आम्ही पाच जण होतो. त्यातले तिघे आपल्याच वर्गातले, समोरच बसलेत. एक उतार आडवा ओलांडला की माथा. लख्ख ऊन, सगळे खुशीत. मी कोनमापक काढलं. हसू नका, दोऱ्याला खोडरबर बांधलेलं. बाई, तुमचीच युक्ती. ३६ अंश! हिमस्खलन होतं ते बहुतेक ३० ते ४५ अंशांच्या उतारावर. त्याहून उभ्या कड्यावर बर्फ फारसा साठतच नाही.

आदल्या दिवशी वाऱ्याने आणलेल्या बर्फाचा जाड पापुद्रा जुन्या भुसभुशीत थरावर बसला होता. कडेला पाऊल टाकलं तर आतून ‘धप्प’ असा दबका आवाज आला. म्हणजे खालचा थर खचला. असा पापुद्रा बऱ्याचदा चालणाऱ्याच्याच वजनाने सुटतो. गाडलेल्याला पहिली दहा-पंधरा मिनिटंच काय ती आशा; सोबत्यांनीच खणून काढायचं. आमच्याकडे फावडं एकच होतं.

मी सगळ्यांना मागे फिरवलं. भांडण झालं. दुसऱ्या दिवशी दुसरी तुकडी तोच उतार सुखरूप ओलांडून गेली, आणि या तिघांनी माझ्याशी बोलणं टाकलं.

४ ऑक्टोबरला ‘द्रौपदी का डांडा’वर उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचे प्रशिक्षणार्थी हिमस्खलनात सापडले. २५हून अधिक जण गेले. त्या रात्री तिघांपैकी एकाचा फोन आला. डोंगराचं नावही काढलं नाही. म्हणाला, “जेवलीस का?”