तंबाखूचे व्यसन आणि मोजणीचे शास्त्र



तंबाखूच्या दुष्परिणामांचा विषय गावच्या पारावर निघाला की एक उत्तर हमखास ऐकू येते. "आमचे आजोबा जन्मभर तंबाखू चघळत होते, नव्वदी पाहूनच गेले." हे उत्तर खोटे नसते. असे आजोबा पुष्कळ गावांत होऊन गेले आहेत. शिक्षकाची पंचाईत नेमकी येथेच होते. कारण डोळ्यांसमोरच्या एका माणसाचा दाखला पुस्तकातील धड्याहून नेहमीच बलवान ठरतो. परंतु जे आजोबा पन्नाशीतच गेले, त्यांचा दाखला पारावर कोणी देत नाही. एकेका घराच्या अनुभवातून जे दिसत नाही, ते हजारो माणसांची मोजणी केल्यावर कसे दिसू लागते, याचे विवेचन येथे करावयाचे आहे.

इंग्लंड व वेल्स या प्रांतांत १९२२ साली फुप्फुसाच्या कर्करोगाने ६१२ मृत्यू नोंदले गेले होते. १९४७ साली तोच आकडा ९,२८७ झाला. पंचवीस वर्षांत पंधरापट! कोणी म्हणत, निदान सुधारले म्हणून आकडा फुगला. कोणी मोटारींच्या धुराकडे, तर कोणी रस्त्यांवरील डांबराकडे बोट दाखवी. हा उलगडा करण्याचे काम रिचर्ड डॉल हे डॉक्टर व ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल हे संख्याशास्त्रज्ञ यांनी हाती घेतले. लंडनमधील वीस रुग्णालयांत फुप्फुसाच्या कर्करोगाचे ७०९ रुग्ण आणि त्याच वयाचे, परंतु अन्य विकारांचे ७०९ रुग्ण यांना एकच प्रश्नावली विचारण्यात आली. कर्करोगाच्या ६४९ पुरुषांत कधीही धूम्रपान न केलेले अवघे २ निघाले. दुसऱ्या गटाच्या तितक्याच पुरुषांत २७ निघाले.

या संशोधनातील एक बाब शिक्षकांनी विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. प्रश्न विचारणाऱ्या व्यक्तीला रुग्णाचा आजार ठाऊक असेल, तर नकळत तिचा कल उत्तरात उतरतो, ही शंका रास्त होती. परंतु काही रुग्णांना आरंभी कर्करोग आहे असे समजून प्रश्न विचारले गेले आणि पुढे त्यांचा आजार निराळाच ठरला. त्यांच्या धूम्रपानाचे प्रमाण पाहता ते कर्करोगाच्या रुग्णांशी न जुळता इतर रुग्णांशी जुळले. विचारणाऱ्याच्या पूर्वग्रहाने आकडे बिघडले असते, तर असे घडले नसते. हे निष्कर्ष १९५० साली प्रसिद्ध झाले.

तेवढ्यावर समाधान न मानता १९५१ साली या दोघांनी ब्रिटनमधील डॉक्टरांनाच त्यांच्या धूम्रपानाविषयी पत्रे धाडली. चाळीस हजारांहून अधिक डॉक्टरांची उत्तरे आली. पुढे कोण कशाने मरण पावतो, एवढे नोंदत राहावयाचे होते. १९५४ साली पहिला अहवाल निघाला, तोपर्यंत पस्तिशीपुढील पुरुष डॉक्टरांपैकी ३६ जण फुप्फुसाच्या कर्करोगाने दगावले होते. त्यांत धूम्रपान न करणारा एकही नव्हता.

तरीही विरोध झाला, आणि तो सामान्य माणसाचा नव्हता. रोनाल्ड फिशर या थोर संख्याशास्त्रज्ञाने असा मुद्दा मांडला की, धूम्रपानाची ओढ आणि कर्करोगाची प्रवृत्ती ही दोन्ही एकाच आनुवंशिक कारणातून उद्भवत असतील. मुद्दा तर्कदृष्ट्या निर्दोष होता. परंतु तसे असते, तर सिगारेट सोडल्याने धोका कमी होण्याचे कारण नव्हते. रक्तातली आनुवंशिकता काही सिगारेटबरोबर सुटत नाही. डॉक्टरांच्या नोंदींत मात्र सोडणाऱ्यांचा धोका घटत गेलेला दिसला. पन्नास वर्षांच्या नोंदी २००४ साली प्रसिद्ध झाल्या. जन्मभर सिगारेट ओढणाऱ्यांचे आयुष्य सरासरीने सुमारे १० वर्षांनी घटते. साठाव्या वर्षी सोडल्यास त्यांतील ३, पन्नासाव्या वर्षी ६ व चाळिसाव्या वर्षी ९ वर्षे परत मिळतात, असे त्यांत आढळले.

आता कोणी म्हणेल, लंडनच्या सिगारेटशी आमच्या खेड्याचा संबंध काय? आमच्याकडे तंबाखू ओढण्यापेक्षा चघळतात, आणि घरोघरी बायका मशेरी लावतात. शंका योग्य आहे. म्हणूनच ही मोजणी महाराष्ट्रातही झाली. पुणे जिल्ह्यातील खेड्यांत १,०१,७६१ लोकांची तोंडे तपासण्यात आली व तिचा अहवाल १९७२ साली प्रसिद्ध झाला. गालाच्या आतील पांढरे चट्टे, जे पुढे कर्करोगाकडे वळू शकतात, ते मुख्यत्वे तंबाखूच्या सवयी असणाऱ्यांतच दिसून आले. तव्यावर भाजून काळी केलेली मशेरी दात घासण्यापुरतीच असते, असे घरात समजतात. पण तीही तंबाखूच आहे, आणि दिवसातून दोनतीनदा तिची तलफ येते ती दातांच्या स्वच्छतेसाठी नव्हे. मुंबईतील गरोदर स्त्रियांच्या एका पाहणीत, जिचा अहवाल २००४ साली आला, न ओढावयाची तंबाखू वापरणाऱ्या मातांची बालके सरासरी १०५ ग्रॅमने कमी वजनाची भरली. त्या मातांत मशेरी लावणाऱ्याच बहुसंख्य होत्या.

केवळ सांगून कोणी सुधारते काय, हा शिक्षकांचा नेहमीचा निराश प्रश्न. त्याचीही मोजणी झाली आहे. भारताच्या तीन ग्रामीण भागांत सुमारे ३६ हजार तंबाखू वापरणाऱ्यांना प्रत्यक्ष भेटून व अन्य मार्गांनी पाच वर्षे समजावण्यात आले. १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, न समजावलेल्यांच्या मानाने त्यांच्यात तंबाखू सोडणारे अधिक निघाले. बहुसंख्यांनी सोडली नाही, हेही खरे. परंतु हजारांतल्या थोड्यांनी सोडली, तरी ती थोडकी माणसे कोणाची तरी आईबाप असतात.

२००३ च्या कायद्याने शैक्षणिक संस्थेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थांच्या विक्रीस मनाई केली आहे. हे अंतर मोजण्याचे काम गणिताच्या तासाला वरच्या वर्गातील मुलांकडून सहज करून घेता येईल. टेप नसल्यास गाठी मारलेली दोरी पुरे. वर्गात पुडी वा चुन्याची डबी आणावयास पाठविले जाणारे मूल असेल, तर त्याला इतरांसमोर विचारू नये. ते बिचारे वडिलांच्या आज्ञेने जाते. त्याच्या वडिलांची भेट पालकसभेच्या दिवशी, सभा संपल्यावर, एकट्याने घ्यावी, आणि बोलणे मुलाच्या अभ्यासापासून सुरू करावे.