दूरचे कर्ज, दारातली वसुली

(कुरखेडा येथे कार्यकर्त्यांच्या बैठकीत झालेल्या भाषणाचा मजकूर)



पुणे जिल्ह्यातील सुपे येथे १२ मे १८७५ रोजी, ऐन बाजाराच्या दिवशी, शेतकऱ्यांनी सावकारांवर चाल केली. दुकाने लुटली गेली हे खरे. परंतु पुढे पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरलेल्या या दंग्याचा मुख्य भर कर्जरोखे आणि खतावण्या हस्तगत करून जाळण्यावर होता. जेथे सावकाराने कागद मुकाट्याने काढून दिले तेथे सहसा मारहाणीचा प्रसंग आला नाही. कर्ज कोठे राहते हे त्या शेतकऱ्यांना नेमके ठाऊक होते. ते सावकाराच्या माडीवर, त्याच्या पेटीत, त्याच्याच हस्ताक्षरात राहत होते.

वस्तुतः त्या कर्जाची मुळेही समुद्रापलीकडे पोचलेली होती. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, इंग्लंडच्या गिरण्यांचा तिकडचा कापूस थांबला आणि इकडच्या कापसाला सोन्याचे मोल आले. मुंबईचा पैसा सावकारांमार्फत खेड्यापर्यंत वाहू लागला. युद्ध संपले, भाव कोसळले, वरचा पैसा आटला. मग सावकाराने दिलेले मागावयास सुरुवात केली. शेतकऱ्याला लँकेशायर दिसले नाही, सावकार तेवढा दिसला. या दंग्यांच्या चौकशीतून १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा निघाला आणि कर्जाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकण्याची रीत त्या चार जिल्ह्यांपुरती तरी बंद झाली.

दीडशे वर्षांपूर्वीची ही हकीगत कुरखेड्यात सांगण्याचे कारण असे की, येथल्या कर्जदाराला आज जाळण्याजोगा कागदच सापडत नाही. देणारा कोण, कोठला, हेही सापडत नाही. सापडतो तो फक्त मागणारा.

या मागणाऱ्याचा अगदी नवा अवतार मोबाइलमध्ये राहतो. घरात आजारपण येते, मुलाच्या वसतिगृहाचे पैसे भरावयाचे असतात, आणि फोनच्या पडद्यावर पाच मिनिटांत कर्ज देण्याचे आमंत्रण झळकते. पाच हजार मंजूर होतात. शुल्क म्हणून दीड-दोन हजार आधीच कापले जातात. उरलेले खात्यावर येतात आणि आठवड्याच्या आत पुरे पाच हजार परत मागितले जातात. ॲप उतरवून घेतानाच त्याने फोनमधील सर्व नावे, क्रमांक आणि छायाचित्रे उचललेली असतात. मुदत टळली की मामाला फोन जातो, शाळेतल्या गुरुजींना जातो, सोयरीक जुळवलेल्या घरी जातो. विकृत केलेली छायाचित्रे त्याच लोकांना धाडली जातात. तेलंगणात २०२० च्या अखेरीस अशा छळापायी आत्महत्या झाल्या. पोलिसांनी हैदराबाद आणि गुरगाव येथील वसुलीच्या फोनशाळांवर छापे घातले, चिनी नागरिकांना अटक केली. त्याच हिवाळ्यात राचकोंडा पोलिसांचे पथक पुण्यातही येऊन धडकले, कारण एक फोनशाळा तेथे चालत होती. भांडवल परदेशचे, मालक परदेशचा, आणि फोनवर धमकी देणारी मुले-मुली मात्र इथलीच, बारावी किंवा पदवी होऊन नोकरी शोधत फिरणारी.

रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या कार्यगटाने २०२१ साली कर्ज देणारी सुमारे १,१०० ॲपे तपासली, त्यांपैकी सुमारे ६०० बेकायदा ठरली. फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारने चिनी लागेबांधे असलेली ९४ कर्ज-ॲपे बंद केली. एक बंद झाले की दुसऱ्या नावाने दुसरे उघडते, हे पोलीसही जाणतात.

आता या बाहेरच्या कर्जाचा दुसरा, अधिक सभ्य अवतार पाहावा. तो गावात मोटारसायकलवरून येतो. पाच-दहा बायांचा गट, आधारकार्डे, एकमेकींची हमी, आणि ठरलेल्या वारी हप्ता. मायक्रोफायनान्स कंपन्यांचा हा व्यवहार कायद्याने नोंदलेला आहे. ॲपवाल्या ठगांच्या रांगेत त्यांना बसविणे अन्यायाचे होईल. परंतु पैशाचा ओघ कोठून येतो हे विचारलेच पाहिजे. आंध्रातील एसकेएस ही संस्था १९९७ मध्ये सेवाभावी म्हणून निघाली, पुढे कंपनी झाली, अमेरिकन गुंतवणूकदारांचा पैसा तिच्यात आला, आणि २०१० च्या पावसाळ्यात तिने शेअरबाजारातून सुमारे सोळाशे कोटी रुपये उभे केले. त्याच वर्षी आंध्रातून हप्त्यापायी झालेल्या आत्महत्यांच्या बातम्या येऊ लागल्या. ज्या बाईच्या घरी वसुलीवाला ठाण मांडून बसला होता तिला तो शेअरबाजार कसा दिसावा? ज्याने शेअर घेतला त्यालाही ती बाई दिसत नव्हती. मधला माणूस तेवढा दोघांना जोडून होता, आणि महिन्याचे उद्दिष्ट गाठले नाही तर त्याचीही नोकरी जात होती.

तिसरे एक कर्ज कोकणच्या गावांना चांगले परिचित आहे, येथे कमी. आखातात नोकरीला गेलेला माणूस तेथल्या बँकेचे कर्ज घेतो, नोकरी सुटते, तो परततो; मग इकडचा वसुली एजंट त्याच्या म्हाताऱ्या आईला फोनवरून पासपोर्ट जप्त करण्याची आणि पोलीस पाठविण्याची भीती घालतो. जानेवारी २०२० मध्ये भारत सरकारने संयुक्त अरब अमिरातीतील न्यायालयांचे दिवाणी हुकूमनामे इकडे बजावता येतील अशी अधिसूचना काढली, आणि एजंटांनी तेवढाच धागा पकडला. पण अधिसूचना हुकूमनाम्याविषयी आहे. हुकूमनामा झालाच तर तो जिल्हा न्यायालयात दाखल होईल, आणि कुरखेड्याच्या माणसाला नोटीस येईल ती गडचिरोलीच्या न्यायालयाची, शिक्क्यानिशी. फोनवरचा दम ही नोटीस नव्हे.

या तिन्ही प्रकारांत जमीन गहाण नाही, बैल नाही, दागिना नाही. मग बिनतारणाचे कर्ज इतक्या उदारपणे कसे दिले जाते? तारण आहे. कर्जदाराची अब्रू हेच ते तारण. गटातल्या शेजारणीसमोर मान खाली जाईल, सोयऱ्यांत बोभाटा होईल, दारापुढे गाडी उभी राहिली तर गल्ली जमेल, या भीतीवर व्याजासकट रक्कम सुरक्षित मानलेली असते. जुना सावकारही अब्रूवर टपलेला असे. पण त्याला त्याच गावात राहावयाचे होते, म्हणून कोठे तरी थांबावे लागे. दूरच्या मालकाला थांबण्याचे काही कारण नाही.

कुरखेडा भागात या वसुलीचा काच आणखी एका कारणाने वाढतो. येथले वर्ष जंगलाच्या आणि धानाच्या चालीने चालते. मार्च-एप्रिलमध्ये मोहफूल, मे महिन्यात तेंदूपत्त्याचे दोन-तीन आठवडे, मग रोवणी, आणि दिवाळीच्या पुढेमागे धान हाती. पैसा घरात येतो तो या तीन-चार खेपांना. आषाढ-श्रावणात घरात दाणा कमी आणि मजुरी रोवणीपुरती. कंपनीचा हप्ता मात्र आठवड्याने, पंधरवड्याने वा महिन्याने येतो. त्याला मोह फुलला काय आणि पूर आला काय, सारखेच. मग एका कंपनीचा हप्ता भरण्यास दुसरीचे कर्ज, दुसरीचा भरण्यास ॲप. २०१६ च्या नोटाबंदीनंतर विदर्भात हप्ते थकले आणि बायांनी मोर्चे काढले, तेव्हा त्यांना बेइमान ठरविण्याची घाई अनेकांनी केली. वास्तविक त्यांच्या हाती मजुरीची नोटच नव्हती.

आदिवासी भागातील ही पावसाळ्याची नड सरकारला माहीत नव्हती असे नाही. खावटी कर्जाची योजना १९७८ पासून होती, ती पुढे बंद पडली. २०२० मध्ये टाळेबंदीच्या संकटात खावटी अनुदान म्हणून कुटुंबाला चार हजार रुपये मंजूर झाले, निम्मे रोख, निम्मे वस्तुरूपाने. सरकार जेथून मागे सरले तेथे मोटारसायकलवाला पुढे सरकला, एवढाच याचा अर्थ.

येथे काही कटू गोष्टी चळवळीलाही ऐकाव्या लागतील. कर्जमाफीच्या मागणीसाठी डाव्या-समाजवादी पक्षांनी किती मोर्चे काढले याची गणती नाही. २००८ ची केंद्राची माफी, राज्याच्या २०१७ आणि २०१९ च्या योजना, या सर्व शेतीकर्जाच्या, बँक आणि सोसायटीच्या वहीतल्या नावांच्या. गटातल्या बाईचे कर्ज त्या वहीत कधीच नव्हते. तिच्या नावावर सातबारा नाही, म्हणून ती शेतकरी नाही. म्हणून तिचे कर्ज चळवळीच्या मागणीपत्रातही आले नाही. दुसरे असे की, ‘भरूच नका’ ही घोषणा टाळ्या मिळविते, पण पुढचा पावसाळा काढून देत नाही. आंध्र सरकारने ऑक्टोबर २०१० मध्ये वटहुकूम काढून कंपन्यांना चाप लावला, तो योग्यच होता. वसुली कोसळली, कंपन्यांनी कर्ज देणेच थांबविले, आणि नडलेल्या कुटुंबांपैकी पुष्कळांना पुन्हा जुन्या सावकाराचे दार ठोठवावे लागले. कर्जाची गरज घोषणेने नाहीशी होत नाही.

मग करावयाचे काय? कायद्याकडे पाहिले तर एक विलक्षण तरतूद दिसते. कुरखेडा तालुका अनुसूचित क्षेत्रात आहे. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित जमातींना होणाऱ्या सावकारी कर्जव्यवहारावर नियंत्रण ठेवण्याचा अधिकार ग्रामसभा व पंचायत यांना देण्यास सांगितले आहे. ज्या ग्रामसभा या जिल्ह्यात बांबू आणि तेंदूपत्त्याचा लिलाव स्वतः करू लागल्या, त्यांना हा अधिकार वापरता येणार नाही असे कोण म्हणेल? अडचण मात्र खरी आहे. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या वित्तकंपन्यांना राज्यांचे सावकारी कायदे लागू होत नाहीत. म्हणजे कंपनीचे कर्ज ग्रामसभेच्या ठरावाने रद्द होणार नाही. ते होईल असे बायांना सांगणे ही फसवणूक ठरेल.

पण वसुली कोठे आणि कशी व्हावी हा वेगळा प्रश्न आहे, आणि तेथे कंपनीचे हात रिझर्व्ह बँकेनेच बांधलेले आहेत. १४ मार्च २०२२ च्या निर्देशांप्रमाणे मायक्रोफायनान्सची वसुली कर्जदार आणि संस्था यांनी परस्परसंमतीने ठरविलेल्या ठिकाणी झाली पाहिजे. लागोपाठ दोन वा अधिक वेळा कर्जदार तेथे आला नाही तरच घरी किंवा कामाच्या जागी जाता येते. सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर फोन नाही. नातेवाईक, मित्र वा सहकारी यांना छळावयाचे नाही, नावे जाहीर करावयाची नाहीत, धमकी नाही, कर्ज थकल्यास काय होईल याविषयी खोटे सांगावयाचे नाही. कुटुंबाच्या सर्व कर्जांचे मिळून हप्ते त्याच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्यापलीकडे जाता कामा नयेत. कर्जदाराला समजेल अशा भाषेत कर्जाचे कार्ड दिले पाहिजे. याच निर्देशांनी व्याजाची कमाल मर्यादाही काढून टाकली, हे मात्र विसरू नये. वीस-पंचवीस टक्के व्याज सर्रास घेतले जाते, आणि त्याविरुद्ध लढाई दिल्ली-मुंबईतच लढावी लागेल.

‘परस्परसंमतीने ठरविलेले ठिकाण’ या शब्दांत ग्रामसभेला पाय रोवण्याजोगी जागा आहे. ते ठिकाण कोणा एकीचे अंगण का असावे? ग्रामसभेच्या बैठकीची जागा असावी, दिवसाउजेडी, सर्वांसमक्ष, पावतीसह. ज्या गोष्टीसाठी एकट्या बाईला घरात कोंडल्यासारखे होते तीच गोष्ट गावासमोर झाली की लाजावयाचे कोणी, हा प्रश्न उलटा होतो. कोणाचे किती कर्ज, कोणत्या कंपनीचे, किती फिटले, हे बायांनी एकमेकींना मोकळेपणाने सांगितले तर तारणच कंपनीच्या हातून निसटते. कर्ज उरते, ते हिशेबाने, ऋतूप्रमाणे मुदत मागून फेडता येते. तेंदूपत्त्याच्या पैशातून ग्रामसभेने आषाढासाठी थोडा निधी बाजूस ठेवला तर निदान ॲपपर्यंत जाण्याची वेळ टळेल.

ॲपवाल्याशी मात्र हिशेब नाही, समजूत नाही. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०२२ च्या नियमांनी फोनमधील नावांच्या यादीला हात लावण्यास मनाई केली आहे. जुलै २०२५ पासून नियमनाखालील कर्ज-ॲपांची यादी बँकेच्या संकेतस्थळावर पाहता येते. यादीबाहेरच्या ॲपचा धमकीचा फोन हा गुन्हा आहे. १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी, धमकीचे संदेश पुसू नयेत, आणि पोलीस ठाण्यात जावे. तेथे बाई एकटी गेली तर तिलाच प्रश्न विचारले जातात, हा अनुभव सार्वत्रिक आहे. तिच्याबरोबर गटातल्या चौघी आणि एक कार्यकर्ता गेला पाहिजे. नातेवाइकांकडे आधीच फोन गेले असतील तर त्यांच्याकडेही जाऊन खरी हकीगत सांगावी लागेल. हे काम निवेदन देण्याइतके सोपे नाही आणि त्याचा फोटोही छापून येत नाही.

वसुलीचा वार बहुतेक गावांत ठरलेला असतो. त्या दिवशी सकाळी ९ च्या आधी कार्यकर्त्याने गावात पोचावे. त्याच्या पिशवीत हे नियम मराठीत लिहिलेले असावेत, आणि ते गोंडीत समजावून सांगणारी एखादी बाई आदल्या बैठकीतच हेरून ठेवलेली असावी.