सी-२९५ आणि नागपूरची हळहळ



ऑक्टोबर २०२२च्या अखेरीस नागपुरात घरोघरी एकच विषय होता. टाटा आणि एअरबस यांचा सी-२९५ विमानांचा प्रकल्प मिहानमध्ये येणार, असे राज्याच्या उद्योगमंत्र्यांनी सप्टेंबरात सांगितले होते. पुढच्याच महिन्यात तो वडोदऱ्याला होत असल्याचे जाहीर झाले आणि ३० ऑक्टोबरला तेथे पंतप्रधानांच्या हस्ते पायाभरणीही झाली. विरोधकांनी सत्ताधाऱ्यांकडे बोट दाखविले, सत्ताधाऱ्यांनी आधीच्या सरकारकडे. रोजगार गेला, गुंतवणूक गेली, अशी हळहळ वैदर्भीय मनाला वाटली आणि ती खोटी नव्हती. परंतु हे विमान आहे तरी कोणते, ते हवाई दलाला कशासाठी हवे आणि ते येथेच बनण्याला एवढे महत्त्व का, याची चर्चा त्या गदारोळात फारशी झाली नाही.

लढाऊ विमानाचे कौतुक सर्वांनाच असते. मालवाहू विमानाकडे कोणी मान वर करून पाहत नाही. इतिहासातही घोडदळाचे पोवाडे झाले. सैन्यामागून धान्य वाहणाऱ्या लमाणांच्या तांड्यांचे पोवाडे कोणी रचले नाहीत. पण तांडा अडला की घोडदळही अडत असे. लडाखच्या किंवा अरुणाचलच्या चौकीवरील जवानाला पीठ, रॉकेल, औषध, दारूगोळा आणि घरचे पत्र पोहोचविणारा आजचा तांडा म्हणजे मध्यम वजनाचे टर्बोप्रॉप विमान. टर्बोप्रॉप म्हणजे ज्या इंजिनात जेटप्रमाणेच तप्त वायूंवर चाके फिरतात, पण ती शक्ती समोरचा मोठा पंखा फिरविण्यात खर्च होते. वेग कमी मिळतो. त्या बदल्यात इंधन कमी लागते आणि आखूड, ओबडधोबड धावपट्टीवरही उतरता येते.

भारतात ही चाकरी गेली चाळीस वर्षे प्रामुख्याने एएन-३२ने केली. युक्रेनमधील कीव्ह येथील अँटोनोव्ह संस्थेने हे विमान उष्ण आणि उंच प्रदेशासाठी घडविले. म्हणूनच त्याची दणकट इंजिने पंखांच्या वर चढविलेली दिसतात. १९८४पासून ते भारतीय हवाई दलात येऊ लागले. ३१ मे २००८ रोजी दौलत बेग ओल्डी येथे, सोळा हजार फुटांहून अधिक उंचीवर, कच्च्या पट्टीवर एएन-३२ उतरले तेव्हा ती पट्टी ४३ वर्षे ओस पडलेली होती. शत्रूने या घटनेचा अर्थ आपल्याकडील अनेक संपादकांपेक्षा लवकर ओळखला असावा.

या सेवेची किंमतही मोजावी लागली. २२ जुलै २०१६ रोजी तांबरमहून पोर्ट ब्लेअरला निघालेले एएन-३२ बंगालच्या उपसागरात २९ जणांसह नाहीसे झाले. त्याचे अवशेष सुमारे ३,४०० मीटर खोल सागरतळाशी आढळल्याचे जानेवारी २०२४ मध्ये, म्हणजे साडेसात वर्षांनी जाहीर झाले. तोवर २९ कुटुंबांपाशी निरोप द्यायलाही काही नव्हते. ३ जून २०१९ रोजी जोरहाटहून मेचुकाला निघालेले आणखी एक विमान अरुणाचलच्या डोंगरात कोसळले आणि १३ जण गेले. युद्ध नव्हते, शत्रू नव्हता. नित्याचा शिधा आणि माणसे पोहोचविण्याचे काम होते.

विमान दुसऱ्याचे असले म्हणजे काय होते, हे याच एएन-३२ने शिकविले. २००९ मध्ये शंभराहून अधिक विमानांचे आयुष्य वाढविण्याचा करार युक्रेनशी झाला. चाळीस विमाने तिकडे जाऊन सुधारून यायची आणि उरलेली कानपूरच्या डेपोत भारतीय हातांनी सुधारायची, असे ठरले. चाळीस आली. पण २०१४ मध्ये क्रिमियाचा संघर्ष पेटला. युक्रेनमध्ये जोडल्या जाणाऱ्या विमानाचे कित्येक भाग रशियाचे; दोघांचे हाडवैर झाले आणि कानपूरचे काम सुट्या भागांवाचून रेंगाळले. दोन परक्या देशांच्या भांडणात हिमालयातील चौकीच्या शिध्याची गाडी अडावी, ही कोणालाही मानवणारी स्थिती नव्हे.

कानपूरचा तो डेपो ज्या देखभाल कमांडच्या अखत्यारीत येतो, तिचे मुख्यालय नागपुरात, वायुसेना नगरमध्ये आहे. नागपूरकर त्या फाटकावरून रोज जातात-येतात. पण या कमांडने एके काळी केवळ दुरुस्ती केली नव्हती, विमानच बांधले होते, हे फार थोड्यांना ठाऊक असेल. तेव्हा कमांडचे मुख्यालय कानपूरला होते आणि प्रमुख होते एअर व्हाइस मार्शल हरजिंदर सिंग. लाहोरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेला हा तरुण १९३० च्या दशकाच्या आरंभी अगदी खालच्या पायरीवर, ‘हवाई सिपाही’ म्हणून, हवाई दलात रुजू झाला; गोऱ्या अधिकाऱ्यांच्या हाताखाली इंजिनांवर काम करीत तो कमांडचा प्रमुख झाला. ब्रिटनच्या अ‍ॅव्हरो कंपनीचे ७४८ विमान कानपुरात, हवाई दलाच्याच जुन्या हँगरमध्ये बांधायचे, असे त्यांनी मनावर घेतले. अनेकांनी शंका घेतली. १ नोव्हेंबर १९६१ रोजी कानपुरात बांधलेल्या पहिल्या अ‍ॅव्हरोने उड्डाण केले. पहिले भारतीय हवाई दलप्रमुख सुब्रतो मुखर्जी यांचे नाव त्या विमानाला देण्यात आले. पुढे हे काम हिंदुस्थान एरोनॉटिक्सकडे गेले.

या अ‍ॅव्हरोची पुढची कथा सी-२९५शी थेट जोडलेली आहे. मालवाहू विमानाचे वैशिष्ट्य असे, की त्याचे पोट रिकामे असते. त्यात काय भरावे हे ज्याच्या हाती विमान आहे त्याने ठरवायचे. १९७१च्या युद्धात विंग कमांडर विद्याभूषण वशिष्ठ यांच्या स्क्वाड्रनने चार इंजिनांच्या एएन-१२ मालवाहू विमानांत बॉम्ब भरले आणि पाकिस्तानातील चांगा मांगाच्या जंगलातील दारूगोळ्यावर रात्री टाकले. वशिष्ठांना महावीरचक्र मिळाले. तशाच दूरदृष्टीने संरक्षण संशोधन संस्थेने अ‍ॅव्हरोच्या पाठीवर रडारची फिरती तबकडी बसविली. शत्रूची विमाने दुरून हेरणारे, पूर्वसूचना देणारे स्वदेशी विमान घडवायचे होते. १९९० मध्ये तबकडीसह उड्डाणे सुरू झाली. ११ जानेवारी १९९९ रोजी तमिळनाडूत अरक्कोणमजवळ ते विमान कोसळले. हवाई दलाचे चार अधिकारी आणि चार शास्त्रज्ञ, असे आठ जण गेले. प्रकल्प गुंडाळला गेला. देशाला स्वदेशी रडारचे ‘नेत्र’ विमान हवाई दलाकडे सोपविता आले ते २०१७ मध्ये, आणि तेही ब्राझीलच्या विमानावर. मधली अठरा वर्षे हातची गेली.

आता सी-२९५कडे वळू. स्पेनच्या कासा कंपनीने घडविलेले हे विमान प्रथम उडाले २८ नोव्हेंबर १९९७ रोजी. कॅनडाच्या प्रॅट अँड व्हिटनीची दोन इंजिने, सहा पात्यांचे पंखे, शेपटीखाली उतरता दरवाजा. एकाहत्तर सैनिक किंवा पन्नासच्या आसपास छत्रीधारी त्यात बसतात. रुग्णांसाठी चोवीस स्ट्रेचर लावता येतात. उड्डाणाला सुमारे ६७० मीटर आणि उतरायला ३२० मीटर पट्टी पुरते. पण त्याची खरी दौलत त्याच्या रूपांत आहे. पोटाखाली रडार आणि शेपटीला चुंबकीय शोधक लावला की ते पाणबुडीच्या मागावर जाते, पंखांखाली पाणतीर वाहते. कॅनडाने २०१६ मध्ये सोळा विमाने केवळ संकटात सापडलेल्यांच्या शोधासाठी मागविली. पाठीवर तबकडी लावलेला नमुना २०११ मध्ये उडाला. आगी विझविण्यासाठी पाणी टाकण्याचे प्रयोगही झाले. फेब्रुवारी २०२४ मध्ये भारताच्या संरक्षण सामग्री परिषदेने नौदल आणि तटरक्षक दलासाठी बहुउद्देशीय सागरी विमानांना मान्यता दिली. त्यांचा पाया सी-२९५ हाच असेल, अशी योजना आहे. शत्रूचे संदेश टिपणारे आणि ठप्प करणारे रूपही याच सांगाड्यावर विचारात आले.

२४ सप्टेंबर २०२१ रोजी झालेल्या २१,९३५ कोटी रुपयांच्या करारान्वये ५६ विमाने यायची, ती अ‍ॅव्हरोच्याच जागी. सोळा स्पेनमधील सेव्हिलहून तयार आली; त्यांतले शेवटचे ऑगस्ट २०२५ मध्ये ताब्यात मिळाले. उरलेली चाळीस वडोदऱ्यात बनवून ऑगस्ट २०३१पर्यंत द्यायची, असे ठरले. एअरबस एका विमानावर स्पेनमध्ये जेवढे काम करते त्याच्या ९६ टक्के काम येथे व्हावे, तेरा हजारांहून अधिक सुटे भाग येथेच घडावेत, अशी योजना आहे. भारतात खासगी कंपनीने सैनिकी विमान पूर्णपणे बांधण्याचा हा पहिलाच प्रसंग. संरक्षणासाठीची इलेक्ट्रॉनिक उपकरणे भारत इलेक्ट्रॉनिक्स आणि भारत डायनॅमिक्सची. इंजिन मात्र कॅनडाचेच. ९६ टक्क्यांचा आकडा वाचताना हे विसरता कामा नये. एएन-३२ अडला तो अशाच उरलेल्या टक्क्यांपायी.

नागपूरच्या वाट्याला काय, हा प्रश्न या पार्श्वभूमीवर विचारला पाहिजे. जुळणीची शेड वडोदऱ्याला गेली, हे खरे. पण मिहानमधील टाटांच्या कारखान्यात बोइंग ७८७ विमानाच्या तळाच्या तुळया किती वर्षे बनत आहेत! मिहानमध्येच दासोच्या फाल्कन विमानांचे भाग तयार होतात, आणि संपूर्ण फाल्कन २००० नागपुरात जुळविण्याची घोषणा जून २०२५ मध्ये झाली. मोठ्या प्रवासी विमानांच्या देखभालीचा बोइंगने उभारलेला हँगर येथे आहे. टायटॅनियम कापणारे, विमान उघडून पुन्हा मिटविणारे हात या शहरात तयार झाले आहेत.

आणि सी-२९५च्या करारातील एक कलम वृत्तपत्रांच्या मथळ्यांत कधी आले नाही. चाळीसावे विमान मिळण्यापूर्वी संपूर्ण विमान सुटे करून नव्याने उभे करण्याचे, म्हणजे सर्वोच्च पातळीच्या दुरुस्तीचे केंद्र भारतात उभारायचे आहे, आणि तेथे या विमानाची निरनिराळी रूपेही दुरुस्त व्हावीत, अशी अपेक्षा आहे. जुळणीचे काम चाळिसाव्या विमानापाशी संपेल. दुरुस्तीचे तीस-चाळीस वर्षे चालेल. विमानाचे पोट उघडून आत काय बसते आणि काय बसत नाही हे ज्यांना कळते, त्यांनाच त्याच्यावर नवी तबकडी, नवे रडार बसविण्याचे धाडस करता येते. ते केंद्र कोठे का होईना, हवाई दलाच्या बाजूने त्या कामाकडे पाहणारी कमांड वायुसेना नगरातच असणार. शहरातील अभियांत्रिकी महाविद्यालये आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्था यांनी त्या फाटकाशी आजवर किती संबंध ठेवला, याची चौकशी पालकांनी प्राचार्यांकडे करायला हरकत नाही.