हुकूम आमच्या भाषेत हवा!
(बोरी, जिल्हा परभणी येथील सभेतील भाषण)



आम्हा परभणीकरांना न कळणाऱ्या भाषेचा कारभार नवा नाही. निजामाच्या राजवटीत घरात, शेतात मराठी. कचेरीत आणि कोर्टात मात्र उर्दू! अर्ज लिहायचा तर मुनशी गाठा, निकाल वाचायचा तर पुन्हा मुनशीच गाठा. उर्दूशी आमचं वैर नव्हतं. पण आपल्याच जमिनीचा कागद दुसऱ्याच्या तोंडून ऐकावा लागे, ही गुलामी होती. १७ सप्टेंबर १९४८ ला ती राजवट गेली. १ मे १९६० ला मराठी राज्य आलं. १९६४ च्या अधिनियमाने मराठी राजभाषा झाली.

मग मुनशी गेला का? नाही! त्याने फक्त काळा कोट घातला.

मुंबईच्या गिरण्यांचंच घ्या. १९९१ च्या नियमाने गिरणीच्या जमिनीचा विकास करताना साधारण तीन वाटे ठरले : एक महापालिकेचा, एक म्हाडाचा, एक मालकाचा. २००१ साली नियम बदलला. वाटे फक्त ‘मोकळ्या जमिनीचे’. पण मोकळी जमीन म्हणजे कोणती? शेड पाडल्यावर मोकळी होते ती धरायची की नाही? हायकोर्टाने २००५ साली धरली, सुप्रीम कोर्टाने २००६ साली वगळली. कामगारांच्या घरांची जमीन आटली. सारा खल इंग्रजीत! त्याच शेडमध्ये ज्यांनी जन्मभर साचे चालवले, त्यांना तो निकाल वाचताही आला नाही.

घटनेच्या ३४८ व्या कलमाने वरच्या कोर्टांची भाषा इंग्रजी आहे. पण त्याच कलमाच्या वाटेने राजस्थान, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश आणि बिहारच्या हायकोर्टांत हिंदीला परवानगी मिळाली. मग मराठीनेच काय घोडं मारलंय?

कुणी म्हणतात, इंग्रजीने देश एक ठेवला. साहेबाला साहेबाशी जोडलं असेल! कामगार देशाशी जोडला जातो, तो त्याला कळणाऱ्या कायद्याने. पोरांना इंग्रजी जरूर शिकवा. ती रोटीची भाषा आहे. पण हुकमाची भाषा लोकांचीच पाहिजे.

३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला. आनंद आहे. पण मानपत्र मराठीला आणि निकालपत्र इंग्रजीला, हे आम्हाला मंजूर नाही. मुंबई हायकोर्टात मराठीला परवानगी द्या! कामगाराच्या प्रत्येक निकालाची अधिकृत मराठी प्रत कामगाराच्या हातात द्या!

जय महाराष्ट्र! जय हिंद!