औषधांची पेटी आणि पाण्यातला जीव

(दिंडीच्या शतकपूर्ती सोहळ्यात औषधसेवेतल्या मंडळींच्या वतीनं केलेलं भाषण)



आम्ही कीर्तनकार नव्हे. आम्ही दिंडीतली औषधांची पेटी सांभाळणारी माणसं. मुक्कामाला भजन सुरू असताना मागच्या बाजूला कंदील घेऊन कुणाच्या पायाचे फोड पुसत, कुणाच्या गुडघ्याला मलम चोळत बसलेली असतात ना, ती आम्ही. तेव्हा आज बोलायचं ते पेटीबद्दलच. पण विषय पेटीच्या बाहेरचा आहे. पेटीतलं औषध आपल्या पोटात, अंगावर गेल्यावर पुढं कुठं जातं, आणि उरलेलं कुठं जातं, हा तो विषय.

मालवणातून निघालो की कसाल, कणकवली, फोंडाघाट, राधानगरी, कोल्हापूर, मिरज, सांगोला करत आपण पंढरीला पोचतो. वाटेत गड नदी भेटते, मग भोगावती, पंचगंगा, कृष्णा, माण आणि शेवटी भीमामाई, जिला आपण चंद्रभागा म्हणतो. प्रत्येक पाण्याला आपण हात जोडतो. इंद्रायणीवर पांढरा फेस तरंगलेला वर्तमानपत्रात बघितला की जीव कळवळतो. तो फेस साबणाचा, सांडपाण्याचा. तो निदान डोळ्यांना दिसतो. औषध मात्र दिसत नाही. पाणी नितळ, वास नाही, रंग नाही, आणि तरी त्यात औषध असतं.

हे गावात बोललो तेव्हा एक आजोबा म्हणाले, "औषध तां औषध. माणसाक बरा करता, तर माशाक तेचो त्रास कसलो?"

प्रश्न अगदी बरोबर आहे. त्याचं उत्तर असं. गोळी पोटात गेली की तिचं काम होतं, पण ती सगळी जिरत नाही. काही भाग, कधी मोठा भाग, लघवीवाटे, शौचावाटे जसाच्या तसा बाहेर पडतो. मोठ्या शहरात तो गटारात जातो. तिथलं सांडपाणी शुद्ध करणारं केंद्र घाण काढतं, पण पुष्कळ औषधं त्यातून तशीच पुढं नदीत जातात. आपल्याकडे गटार नाही, सेप्टिक टँक आहे, खड्डा आहे. जमीन जांभ्याची, पाणी झिरपणारी. पावसाळ्यात चार महिने जो धो-धो पाऊस कोसळतो त्याबरोबर सगळं व्हाळात, व्हाळातून नदीत आणि नदीतून खाडीत. औषध पाण्यात विरघळलं म्हणजे नाहीसं झालं असं नव्हे. आणि मासा तर त्या पाण्यातच श्वास घेतो. आपण गोळी दिवसातून दोनदा घेतो, तो चोवीस तास घेतो, आजार नसताना.

आता आपल्या पेटीतलंच औषध घ्या. डायक्लोफेनॅक. नाव अवघड वाटलं तरी सगळ्यांच्या ओळखीचं आहे. गुडघा धरला, पोटऱ्या भरून आल्या की जी गोळी मागता, जे मलम मागता, त्यातलं पुष्कळदा हेच असतं. गुरांना पण हे देत. अशी औषध दिलेली मेलेली गुरं खाऊन गिधाडांचे मूत्रपिंड निकामी झाले. हे कारण २००४ साली शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं, तोवर आपल्या देशातली शेकडा पंच्याण्णवच्या वर गिधाडं गेली होती. २००६ साली सरकारनं गुरांसाठी हे औषध बंद केलं. माणसांची मोठी बाटली गुरांना टोचतात असं दिसल्यावर २०१५ साली माणसांचं इंजेक्शनसुद्धा एका वेळेपुरत्या लहान कुपीतच विकायचं ठरलं. ज्यांच्या डोक्यावर केस पांढरे आहेत त्यांना विचारा, लहानपणी गावकुसाबाहेर गिधाडं उतरलेली त्यांनी पाहिली आहेत. आजच्या पोरांनी ती चित्रातच पाहिली.

हेच औषध पाण्यातून माशाला काय करतं? जर्मनीत ट्राउट नावाच्या माशावर याची पाहणी झाली. लिटरमागे ५ मायक्रोग्रॅम एवढं औषध असलेल्या पाण्यात २८ दिवस मासे ठेवले, तर त्यांच्या मूत्रपिंडाला आणि कल्ल्यांना इजा झालेली आढळली. ५ मायक्रोग्रॅम म्हणजे किती? तर आपण देतो ती ५० मिलिग्रॅमची एक गोळी दहा हजार लिटरच्या टँकरभर पाण्यात विरघळवली, तर एवढं होतं. एक गोळी, एक टँकर. वाहत्या नदीत पाणी पुष्कळ असतं हे खरं, पण गोळ्या घेणारी माणसंही लाखांनी असतात.

दुसरी गोष्ट कॅनडातली. तिथं संशोधनासाठी राखलेला एक तलाव आहे. २००१ ते २००३ अशी तीन वर्षं त्यात कुटुंबनियोजनाच्या गोळीतलं संप्रेरक मुद्दाम सोडलं. प्रमाण किती, तर शंभर कोटी लिटर पाण्याला पाच-सहा ग्रॅम. मासे मरून वर तरंगले नाहीत. पण लहान जातीच्या नर माशांच्या अंगात मादीच्या अंड्यातलं द्रव्य तयार व्हायला लागलं. नर धड नर राहिला नाही, पिल्लं होईनात, आणि ती जात त्या तलावातून जवळजवळ संपली. तिच्यावर जगणारे मोठे मासेही घटले. औषध सोडणं थांबवल्यावर काही वर्षांनी मासे परत आले. ही त्यातली सर्वांत मोलाची गोष्ट आहे. थांबलं तर सुधारतं.

तिसरी स्वीडनची. मन शांत करायचं एक औषध तिथल्या नदीत सापडतं. ते औषध पाण्यात घालून २०१३ साली पर्च नावाचे मासे बघितले. ते थव्यातून सुटून एकटे फिरायला लागले, भीती गेली, आणि हावरटासारखे खायला लागले. माऊली, माशाची भीती हेच त्याचं चिलखत. थवा सोडलेला मासा मोठ्या माशाच्या तोंडातच जायचा. आपण रापण ओढणारी माणसं, थवा म्हणजे काय हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

कुणी म्हणेल, हे सगळं परदेशातलं. तर आता गोदावरीकडे या. हैदराबादजवळ पटनचेरूला औषधांचा कच्चा माल बनवणारे पुष्कळ कारखाने आहेत. त्यांचं सांडपाणी एका सामाईक केंद्रात शुद्ध करून ओढ्यात सोडत. ते इसकावागू, नक्कावागू करत मांजरा नदीला आणि मांजरेतून गोदावरीला मिळायचं. २००७ साली स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी त्या "शुद्ध" पाण्याची तपासणी प्रसिद्ध केली. सिप्रोफ्लोक्सॅसिन नावाचं अँटिबायोटिक त्यात लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत निघालं. औषध घेतलेल्या रोग्याच्या रक्तातसुद्धा एवढं नसतं. एका दिवसात त्या पाण्यातून गेलेलं औषध स्वीडनच्या सगळ्या देशाला पाच दिवस पुरलं असतं. पुढं तेच पाणी पाचशे पट पातळ करून त्यात बेडकाची पिल्लं ठेवली तरी त्यांची वाढ खुंटली.

म्हणजे सगळा दोष तुमच्या-आमच्या गोळीचा नाही. मोठ्या कारखान्याचं पाणी आणि शहरांचं न शुद्ध केलेलं सांडपाणी हे मोठे वाटेकरी आहेत. आपल्या कोकणात लोट्याच्या औद्योगिक वसाहतीजवळ दाभोळ खाडीकाठचे मच्छिमार मेलेले मासे हातात घेऊन वर्षानुवर्षं दाद मागत आले. तिथं रसायनं अनेक आहेत, एकट्या औषधांचा तो प्रश्न नाही. पण खाडी गेली की काय जातं हे त्यांना विचारावं. आपल्या जिल्ह्यात उद्या असा कारखाना कुणी आणला तर ग्रामसभेत पहिला प्रश्न हाच विचारावा, की पाणी कुठं सोडणार आणि त्यात औषधाचा अंश किती, ते मोजणार कोण? कारण गावच्या नेहमीच्या पाणीतपासणीत औषध मोजत नाहीत. तिथं जंतू बघतात, क्षार बघतात.

१०४ देशांतल्या २५८ नद्यांचं पाणी काही वर्षांपूर्वी एकाच पद्धतीनं तपासलं, त्याचा निष्कर्ष २०२२ साली आला. मधुमेहाची आपली नेहमीची गोळी मेटफॉर्मिन निम्म्याहून जास्त ठिकाणी सापडली. सुमारे चौथ्या हिश्शाच्या ठिकाणी कुठलं ना कुठलं औषध धोक्याच्या पातळीवर होतं. म्हणजे हा कुण्या एका गावाचा प्रश्न राहिलेला नाही.

आता आपल्यातले बरेच माळकरी. आम्ही मासे खात नाही, मग हे आम्हांला कशाला, असं मनात येईल. माऊली, माळ घातली म्हणजे मासा आपल्या ताटातून गेला, आपल्या दयेतून नाही गेला. आपण दशावतार बघत मोठे झालो; त्यात पहिला अवतार मत्स्याचा. पांडुरंगाच्या कानातली कुंडलंही मत्स्याच्या आकाराची. आणि घरातला एक माळकरी तर दुसरा दर्यावर, अशी आपली घरं आहेत. मिरगाच्या पहिल्या पावसात चढणीचे मासे व्हाळातून वर चढतात ते अंडी घालायला. नेमक्या त्याच पहिल्या पावसात आठ महिन्यांची घाण व्हाळात उतरते. कोळंबच्या, कर्लीच्या, कालावलच्या खाडीत ओहोटीला बायका कालवं, तिसरे काढतात. ही कालवं दिवसभर पाणी गाळून जगतात, पाण्यातलं जे असेल ते त्यांच्या अंगात उतरतं. १९८७ साली मालवणच्या समुद्राला अभयारण्य केलं ते प्रवाळांसाठी, माशांसाठी. अभयारण्याला खडकांची सीमा घालता येते, पाण्याला घालता येत नाही.

माणसाचाही यात जीव अडकलाय. पाण्यात थोडं थोडं अँटिबायोटिक राहिलं की जंतू त्याला सरावतात. मग आपल्याच नातवाला न्यूमोनिया झाला आणि ते औषध दिलं, तर ते चालत नाही.

"मगे ह्या गोळयांचा करूचा काय?" हा तुमचा पुढचा प्रश्न. म्हणून पाच नेम सांगतो. एकादशीच्या नेमासारखे धरा.

पहिला नेम. उरलेली, मुदत संपलेली गोळी, सरबताची बाटली मोरीत, संडासात, विहिरीत, नदीत टाकायची नाही, आणि जाळायचीही नाही. २०१६ च्या घनकचरा नियमांत मुदत संपलेली औषधं हा घरगुती घातक कचरा धरला होता. तो वेगळा गोळा करणं ग्रामपंचायतीचं, नगरपरिषदेचं काम आहे. तशी सोय मागा. होईपर्यंत गोळ्या पाकिटातून काढून चहाच्या चोथ्यात किंवा राखेत मिसळा, पिशवीत घट्ट बांधा आणि सुक्या कचऱ्यात द्या. कॅन्सरच्या दुखण्यासाठी देतात तशा जहाल औषधांना वेगळा नियम असतो, तो डॉक्टरांना विचारा.

दुसरा नेम मलमाचा. चोळलेल्या मलमातला थोडाच भाग कातडीतून आत जातो, बाकीचा वरच राहतो. तो चोळून आपण लगेच स्नानाला उतरलो की सगळा पाण्यात. म्हणून मलम स्नानानंतर लावा. लावलेला हात आधी कागदाला पुसा, मग धुवा. चंद्रभागेत उतरण्याआधी गुडघा पुसून घ्या. कागद आमच्या पेटीजवळच्या डब्यात टाका.

तिसरा नेम. अँटिबायोटिक डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय मागायचं नाही, शेजाऱ्याच्या पिशवीतलं घ्यायचं नाही, आणि सांगितलं असेल तितके दिवस घ्यायचं. साध्या सर्दीला त्याचा उपयोग नसतो.

चौथा नेम. गुरांना, कोळंबीच्या तळ्याला औषध पशुवैद्यकाच्या, जाणकाराच्या सल्ल्यानंच. क्लोरॅम्फेनिकॉल, नायट्रोफ्युरान ही औषधं कोळंबीला बंद आहेत. गुरांच्या दुखण्याला मेलॉक्सिकॅम मागा, ते गिधाडांना निर्धोक ठरलं आहे.

पाचवा नेम. सेप्टिक टँकचं तोंड पावसाळ्यात व्हाळात उघडायचं नाही. वारीत उघड्यावर, नदीकाठी बसायचं नाही. फिरती शौचालयं लागतात तिथंच जायचं.

आणि एक गोष्ट हात जोडून सांगतो. हे ऐकून कुणी रक्तदाबाची, साखरेची, हृदयाची गोळी बंद करू नका. लागणारं औषध हे लागणारंच. मासा वाचवायला माणूस मारायचा नाही. नको असलेलं घ्यायचं नाही आणि उरलेलं पाण्यात टाकायचं नाही, एवढंच मागणं आहे.

दिंडीच्या एकशे एकाव्या वर्षापासून आम्ही औषधसेवेतली मंडळी एक पद्धत सुरू करतो आहोत. पेटी भरताना मागच्या वर्षीच्या वहीतला खर्च बघून गरजेपुरतंच घ्यायचं. द्वादशीला पारणं सुटल्यावर विणेकऱ्यांसमोर पेटी उघडायची आणि मोजायची. न फोडलेलं, मुदतीतलं औषध डॉक्टरांच्या हाती द्यायचं. बाकीचं डब्यात बंद करून आपल्याबरोबर गावी परत आणायचं. पंढरपुरात काही टाकायचं नाही, वाटेतल्या एकाही नदीत टाकायचं नाही. प्रत्येक वारकऱ्यानं आपल्या पिशवीतल्या उरलेल्या गोळ्या त्याच डब्यात आणून द्याव्यात. डबा तुळशीवृंदावनाच्या गाडीशेजारी असेल, कुणालाही सापडेल.

शंभर वर्षं वाटेतल्या नद्यांनी आपल्याला पाणी पाजलं. पुढच्या शंभर वर्षांच्या वारकऱ्यांनाही त्यांनीच पाजायचं आहे, आणि त्यातला मासाही जगायचा आहे. सेवेत काही कमी पडत असेल तर सांगा, सुधारून घेऊ.

रामकृष्णहरी!