पायाआधी कागद, कागदाआधी नाव

आमच्या बचत गटातल्या आम्ही चौघी आज तुमच्याशी बोलायला आलोय. विषय आहे बांधकाम परवानगीचा. तुम्ही म्हणाल, हे पुरुषांचं काम, आम्हाला कशाला? आम्हीही असंच म्हणत होतो. पण गटातल्या एका मैत्रिणीचं घर अर्ध्यात थांबलं, त्यात गटाचे चाळीस हजार अडकले, तेव्हा आमचे डोळे उघडले. तिला विचारूनच हे सगळं सांगतोय. नाव मात्र सांगणार नाही.

आमचं गाव तालुक्याचं. पूर्वी ग्रामपंचायत होती. २०१४ नंतर राज्यात तालुक्याच्या बऱ्याच गावांच्या नगर पंचायती झाल्या, त्यात आमचीही झाली. पाटी बदलली, पण आमच्या डोक्यात जुनंच राहिलं. जागा आपली, घरपट्टी आपण भरतो, मग भिंत उभी करायला कोणाला विचारायचं? खरं तर ग्रामपंचायतीतही विचारावंच लागतं. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यात कलम ५२ त्यासाठीच आहे. नगर पंचायतीत १९६६ चा नगररचना कायदा लागतो, आणि त्यात परवानगीशिवाय काम सुरू करणं हा गुन्हा आहे.

आमच्या मैत्रिणीचा नवरा आधी गेला, दोन वर्षांनी सासरे गेले. सासूबाई त्याआधीच गेलेल्या. जुनं मातीचं घर एका पावसाळ्यात बसलं. तिनं ठरवलं, दोन खोल्या पक्क्या बांधायच्या. गटानं कर्ज दिलं. गवंडी म्हणाला, "वहिनी, आधी बांधून घ्या, कागद मागनं होतात." विटा आल्या, वाळू आली, पाया खणला, तीन थर चढले. आणि काम थांबवण्याची नोटीस आली.

ती नोटीस घेऊन बैठकीत आली तेव्हा रडत होती. आम्हाला वाटलं, आता सगळं पाडणार. पण नोटीस नीट वाचून घेतली, जाणत्या माणसाला विचारलं, तेव्हा कळलं की परवानगीशिवाय केलेलं काम ठेवण्यासाठी नोटिशीच्या मुदतीत अर्ज करता येतो. तशी सोय कायद्यातच आहे. म्हणून मैत्रिणींनो, पहिली गोष्ट ही. नोटीस आली तर ती घडी करून डब्यात ठेवू नका. तिच्यावरची तारीख बघा.

आम्ही तिघी तिच्याबरोबर कार्यालयात गेलो. खिडकीवर पहिला प्रश्न आला, "जागा कोणाच्या नावावर?" तिनं घरपट्टीची पावती पुढं केली. पावतीवर तिचंच नाव होतं. समोरचा म्हणाला, "ही कर भरल्याची पावती. मालकीचा कागद आणा."

आमच्या सगळ्यांच्याच पोटात गोळा आला, कारण आमच्यापैकी निम्म्या जणी घरपट्टीच्या पावतीलाच मालकी समजत होत्या. ग्रामपंचायतीचा नमुना आठ असो नाहीतर नगर पंचायतीची पावती, ती कर आकारणीची नोंद आहे. मालकी दिसते ती सातबारावर, नाहीतर मिळकत पत्रिकेवर, म्हणजे ज्याला आपण प्रॉपर्टी कार्ड म्हणतो त्यावर. ते भूमी अभिलेख कार्यालयाकडं असतं. ज्या गावठाणांत स्वामित्व योजनेतून ड्रोननं मोजणी झाली, तिथल्या घरांनाही आता अशी पत्रिका मिळते. तुमच्या गावात झाली असेल तर तुमची आली का, ती कोणाच्या नावानं आली, हे जाऊन बघा.

आमच्या मैत्रिणीच्या पत्रिकेवर अजून सासऱ्यांचंच नाव होतं. माणूस जाऊन चार वर्षं झाली, नाव तसंच. कायदा सांगतो की वारसाहक्कानं जमीन आली की तीन महिन्यांत कळवावं. पण आपल्याकडं तेराव्याची तयारी होते, वारस नोंदीची होत नाही.

मग प्रश्न आला, वारस कोण? दीर म्हणाले, "मी, आणि भावाचा मुलगा." तेवढंच त्यांच्या मनात होतं. पण १९५६ चा हिंदू वारसा कायदा तसं म्हणत नाही. बाप मृत्युपत्र न करता गेला तर मुलगा, मुलगी, आणि आधी गेलेल्या मुलाची विधवा आणि तिची मुलं, सगळी वारस. म्हणजे दीर वारस, लग्न होऊन गेलेली नणंद वारस, आमची मैत्रीण वारस, आणि तिचा लहान मुलगाही वारस, आई त्याची पालक म्हणून.

अर्ज दिला, मृत्यूचे दाखले लावले, सगळ्यांना नोटिसा गेल्या, हरकतीची मुदत गेली, मग नावं लागली. यातच पाच महिने गेले. विटांवर एक पावसाळा पडला. सिमेंटची सहा पोती दगड झाली.

नावं लागली तरी जागा सामाईकच. सामाईक जागेवर एकानं बांधायचं तर बाकीच्यांची संमती लागते. दीर म्हणाले, "ताईला बोलवा, तिच्याकडनं हक्कसोडपत्र करून घेऊ, कटकट मिटेल." ऐकायला सोपं वाटलं. खरं सांगतो, आमच्यातल्या दोघींनीही मान हलवली होती. पण आमची मैत्रीण म्हणाली, "नको. मला बांधायला सही पाहिजे, तिचा हिस्सा नको. माझं नाव लागायला मी पाच महिने घालवले, आता तिचं खोडायचं?"

नणंद एसटीच्या अर्ध्या तिकिटात आली. संमतीपत्रावर सही केली, वहिनीच्या हातचा चहा घेतला आणि संध्याकाळच्या गाडीनं परत गेली. जाताना एवढंच म्हणाली, "मला वाटलं, नेहमीसारखं सोडायलाच बोलावलंय."

हा फरक प्रत्येकीनं पक्का लक्षात ठेवा. संमतीपत्र म्हणजे या बांधकामाला माझी हरकत नाही. हक्कसोडपत्र म्हणजे माझा हिस्साच मी सोडला. ते नोंदणी कार्यालयात होतं आणि एकदा झालं की मागं घेता येत नाही. सही करायच्या आधी कागदाच्या डोक्यावर काय लिहिलंय ते वाचा. वाचता येत नसेल तर वाचून घ्या, आणि वाचणारी व्यक्ती तुमच्या बाजूची असू द्या.

आता परवानगीचं. राज्यात डिसेंबर २०२० पासून बांधकामाची एकच नियमावली मुंबई आणि काही भाग सोडून बहुतेक सगळीकडं लागू आहे. तिच्यात छोट्या प्लॉटला सोय आहे. १५० चौरस मीटरपर्यंत, म्हणजे साधारण दीड गुंठ्यापर्यंतच्या प्लॉटवर लहान घर बांधायला वेगळ्या मंजुरीची वाट बघावी लागत नाही. पण मालकीचा कागद, नकाशा आणि शुल्क द्यावंच लागतं, आणि त्याची पोच जपून ठेवावी लागते. १५० ते ३०० चौरस मीटरला, म्हणजे तीन गुंठ्यांच्या आत, परवानाधारक इंजिनिअरनं नकाशा नियमात असल्याचा दाखला दिला तर दहा दिवसांत परवानगी मिळायची तरतूद आहे. आमच्या मैत्रिणीची जागा पावणेदोन गुंठे. म्हणजे बघा, नावांच्या नोंदीला पाच महिने, आणि परवानगीचं काम मात्र दिवसांत मोजायचं. उशीर खिडकीवर झाला नव्हता, आमच्या घरातल्या कागदावर झाला होता.

अर्जाला काय लागतं ते सांगतो. मालकीचा कागद, मोजणीचा नकाशा, कर भरल्याची पावती, सामाईक जागा असेल तर संमतीपत्र, आणि परवानाधारक इंजिनिअरनं काढलेला घराचा नकाशा. गवंड्यानं वहीच्या पानावर काढलेला चालत नाही. विकास शुल्क भरावं लागतं, त्याची पावती घ्या. गावठाणाबाहेर शेतजमिनीतला तुकडा असेल तर तो बिगरशेती आहे का, हे जागा घ्यायच्या आधीच विचारा. कार्यालयातून झोन दाखला मिळतो, त्यात ती जागा राहण्यासाठी आहे की रस्त्यात जाते, हे कळतं.

इंजिनिअरनं जागा मोजली तेव्हा आणखी एक निघालं. पायाची एक बाजू शेजाऱ्याच्या हद्दीला चिकटली होती. नियमानं जागा सोडावी लागते. त्या बाजूचा पाया उकरून आत घ्यावा लागला. आधी सुरू केल्याबद्दल तडजोड शुल्कही भरावं लागलं. गवंड्याच्या एका वाक्याची ती किंमत.

अर्ज देताना आम्ही दोन प्रती नेल्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घेतला. शिक्का नाही तर अर्ज दिलाच नाही असं समजा. मोठ्या बांधकामाला कायद्यानं साठ दिवसांत निर्णय द्यायचा असतो. नाकारलं तर कारण लेखी द्यावं लागतं, आणि चाळीस दिवसांत अपील करता येतं. "या, बघू, साहेब नाहीत" हे उत्तर नव्हे. तेव्हा नम्रपणे म्हणायचं, "जे कमी आहे ते लिहून द्या." आम्ही हेच म्हटलं, आणि चार फेऱ्यांचं काम एका कागदावर आलं.

परवानगी मिळाली की ती एक वर्ष चालते, पुढं मुदत वाढवून घेता येते. जोतं झालं की तपासणी करून घ्या, आणि घर पूर्ण झालं की भोगवटा प्रमाणपत्र घ्या. शहरी घरकुल योजनेत स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्यांनाही हेच कागद कामी येतात. त्या योजनेत घर कुटुंबातल्या बाईच्या नावावर किंवा दोघांच्या नावावर असावं, असा नियम आहे. तेव्हा नावाचा विषय आपण काढला तर भांडण काढलं असं कोणी म्हणू नये.

दिवाळीच्या आत मैत्रिणीच्या दोन खोल्या उभ्या राहिल्या. एक खोली नकाशापेक्षा लहान झाली, कारण पैसे वाया गेले होते. गटाचा हप्ता ती अजून फेडते आहे, पण एकही चुकवला नाही.

आमच्या गटानं आता एक ठराव केलाय. घराच्या कामाला कर्ज मागितलं तर आधी दोन कागद दाखवायचे. एक मालकीचा, एक परवानगीचा. मालकीच्या कागदावर त्या बाईचं नाव नसेल तर कर्ज नाकारायचं नाही, तिच्याबरोबर नाव लावायला जायचं. आतापर्यंत सहा जणींनी आपापल्या घराची पत्रिका काढून बघितली. त्यातल्या चौघींचं नाव त्यावर नव्हतं. त्या चौघींचे अर्ज गेलेत.

तुमच्या पुढच्या बैठकीत प्रत्येकीनं आपल्या घराचा मालकीचा कागद घेऊन या आणि मोठ्यानं वाचा.